सोलापुरात ऊन कमी पडतंय म्हणे! दोन छोट्या पॅनलच्या नोंदी, एक इथं अन् एक फिनलंडात

९ नोव्हेंबर

गच्चीवर सोलर बसवून वर्ष होईल. ५४० वॅटचे सहा पॅनल, म्हणजे ३.२४ किलोवॅट, पीएम सूर्यघरमधून ७८,००० ची सबसिडी पण मिळाली, तिथं काही तक्रार नाही. तक्रार ही की दिवसाला १३-१४ युनिट यायला पाहिजेत आणि महिनाभर गाडी १०-११ वर अडकलीय. बसवणाऱ्याला फोन लावला तर म्हणतो, "काका, थंडीत ऊनच कमी असतंय ओ." सोलापुरात! भाची दिवाळीला फिनलंडहून आलीय, टांपेरे म्हणून शहर आहे, ६१ अंश उत्तरेला, ती समोर चहा पीत बसली होती तिला ठसकाच लागला. म्हणाली, "मामा, ऊन कमी म्हणजे काय ते आमच्याकडं येऊन बघा. पण तुम्ही मोजलंय का कधी?"

मोजलं नव्हतं. इन्व्हर्टरच्या ॲपवर युनिट दिसतात, पण युनिट कमी आले तर ऊन कमी होतं का पॅनल कमी देतोय हे त्यातून कळत नाही. झालं, इथून सुरू. अक्कलकोट रोडला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, मीटर हातात धरायची सवय आहे, बाकी कोडबिड भाची बघणार असं ठरलं.

ऊन मोजायचं खरं यंत्र पायरॅनोमीटर. चांगल्याची किंमत ऐकून विषय सोडला. त्याऐवजी ५ वॅटचा छोटा पॅनल शॉर्ट करून, म्हणजे त्याच्या दोन्ही वायरी थेट एकमेकींना जोडून, त्याचा करंट मोजायचा, कारण शॉर्ट सर्किट करंट उन्हाच्या जवळजवळ सरळ प्रमाणात वाढतो आणि तापमानानं फारसा हलत नाही. व्होल्टेजचं तसं नाही, ते पुढं येईलच. एकाच लॉटचे दोन पॅनल घेतले, ४५० ला एक. एक इथं राहणार, एक तिच्याबरोबर जाणार.

(पुढं नुसतं "ऊन ८००" लिहिलं तर एका चौरस मीटरवर ८०० वॅट असं समजा. पॅनलच्या मागं जे वॅट छापतात ते ऊन १००० आणि पॅनल २५ डिग्री असं धरून.)

११ नोव्हेंबर

पहिली माती खाल्ली. ०.१ ओहमचा शंट, म्हणजे करंट मोजायचा बारीक रेझिस्टर, ब्रेडबोर्डवर (बिनसोल्डरची भोकाभोकांची पट्टी) खोचला, मीटर लावला, दुपारी ४१ मिलिव्होल्ट. म्हणजे ०.४१ अँपिअर. पॅनलवर छापलंय ०.३१. हिशेब केला तर ऊन १३२० च्या पुढं! वातावरणाच्या बाहेर, अंतराळात, १३६१ असतं. सोलापूर झालं म्हणून काय झालं राव.

अर्धा दिवस पॅनल बदलून बघ, मीटर बदलून बघ, भाचीबरोबर वाद घाल, यात गेला. शेवटी कळलं की मीटरच्या पिना मी ब्रेडबोर्डच्या भोकात खोचल्या होत्या, शंटच्या पायाला नाही. म्हणजे शंट अधिक ब्रेडबोर्डच्या पट्टीचा कॉन्टॅक्ट असं दोन्ही मिळून मोजत होतो. कॉन्टॅक्ट ०.०४-०.०५ ओहमचा, शंट स्वतः ०.१ चा, मग दीडपट दाखवणारच की. वीस वर्षं गिऱ्हाइकांना "कॉन्टॅक्ट ढिला आहे बघा" सांगणारा माणूस मी. शंटच्या पायाला दोन जाड वायरी करंटच्या आणि अगदी अंगाजवळ दोन बारीक वायरी मीटरच्या, सगळं सोल्डर. रीडिंग २८ वर आलं. ऊन साधारण ९००. आता माणसात आलं.

१२ ते १७ नोव्हेंबर

दोन्ही पॅनल एका प्लायवर शेजारी शेजारी ठोकले आणि सहा दिवस एकत्र मोजले. हे कुणी करणार असाल तर ही पायरी अजिबात गाळू नका. एकाच लॉटचे, एकाच दुकानातले, तरी भाचीचा माझ्यापेक्षा ४ टक्के कमी देतो, रोज, सकाळी पण आणि दुपारी पण. ते एकत्र मोजलं नसतं तर पुढं सहा महिने तो ४ टक्के फिनलंडच्या माथी मारला असता.

लॉगरला, म्हणजे आकडे आपोआप नोंदवणाऱ्या डबीला, ईएसपी३२ हा छोटा कंट्रोलर बोर्ड आणि एडीएस१११५ ही व्होल्टेज मोजायची चिप. ईएसपी३२ चा स्वतःचा ॲनालॉग इनपुट वापरू नका, खालच्या व्होल्टेजला तो वाकडा आहे, २०-३० मिलिव्होल्ट त्याला दिसतच नाहीत धड. एडीएस१११५ सोळा बिटचा, सगळ्यात बारीक रेंजला ७.८ मायक्रोव्होल्टचा टप्पा. पॅनलच्या पाठीला डीएस१८बी२० तापमानाचा सेन्सर, थर्मल पेस्ट लावून वर ॲल्युमिनियम टेप. एका बाजूचा सगळा खर्च पॅनल धरून १४०० च्या आत बसला. दुसऱ्या एडीएसचा एक चॅनल माझ्याकडून उडाला, २५० गेले, तो वेगळा.

२० नोव्हेंबर

भाची गेली. पॅनल चेक-इन बॅगेत दोन चादरींच्या मधे. ताईनं शेंगा चटणीचा डबा त्याच्यावर ठेवला होता तो मी बाजूला काढला, तर मलाच ऐकून घ्यावं लागलं.

८ डिसेंबर

तिकडून पहिला आठवडा आला आणि त्यात काहीच नाही. म्हणजे शून्य, एक, शून्य, सहा, असले आकडे. आधी वाटलं वायर तुटली. तशी नव्हती. ढगाळ दिवशी तिथं भर दुपारी ऊन २० च्या आसपास, त्याचे ०.१ ओहमवर होतात ०.६ मिलिव्होल्ट, आणि तिच्या बाल्कनीतल्या हीटरच्या वायरीचा खरखराट त्याच्याहून मोठा. सोलापूरच्या उन्हाला बेतलेला शंट मी तिच्या हातात दिला, चूक माझी. तिनं १ ओहमचा घातला, दहापट सिग्नल. मला शंका होती की १ ओहम म्हणजे शॉर्ट कुठं राहिलं, पण पूर्ण उन्हात पण त्यावर ०.३ व्होल्टच पडतात, पॅनल आहे २१ व्होल्टचा, त्याला ते शॉर्टच. मी पण मग १ ओहमच केला, दोन्हीकडं सारखं.

तिची दुसरी अडचण म्हणजे तिकडं बाल्कनीला काच असते. पॅनल तिनं काचेच्या आत ठेवलेला! आता बाहेरच्या कठड्याला क्लिपा आणि केबल टाय मारून टांगलाय आणि वायर काचेच्या फटीतून आत. लॉगर आतच ठेवलाय, कारण थंडीत पॉवर बँक रुसते. वायर लांब झाली तरी करंट तोच राहतो, शंट आतल्या टोकाला लावायचा म्हणजे बास.

पॉवर बँकेचं अजून एक. लॉगर झोपला की एवढा कमी करंट घेतो की पॉवर बँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही आणि ती बंद पडते. माझे तीन दिवस असे गेले. आता मोबाइलचा जुना चार्जर लावलाय.

१५ डिसेंबर

मोजपट्टी बरोबर आहे का हे कशावरून? माझ्याकडं खरं यंत्र नाही. मग निरभ्र आकाशाचा हाउरविट्झचा फॉर्म्युला घेतला, सूर्याची उंची टाकली की आडव्या जमिनीवर किती ऊन यावं ते सांगतो. सोलापूर १७.७ अंशावर, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य ४९ अंश वर, उत्तर आलं ७६५. पॅनल सपाट ठेवून स्वच्छ दिवस धरून तीन दुपारी मोजलं आणि त्यावरून आकडा बसवला. छापील ०.३१ अँपिअर खरा ०.२९ निघाला. यात पाचेक टक्के इकडंतिकडं असणार, मला चालतंय, मला शोधायचाय तो घोळ पाच टक्क्यांचा नाहीच.

तोच फॉर्म्युला तिच्या गावाला लावला. दुपारी सूर्य ५ अंश वर. हात लांब करून तीन बोटं आडवी धरा, तेवढा. उत्तर आलं ५०. आमचं ७६५, त्यांचं ५०, आणि ते सुद्धा आकाश स्वच्छ असलं तर. इथल्या बसवणाऱ्याला दाखवायला पाहिजे, ऊन कमी कशाला म्हणतात ते.

तिनं सपाट ठेवून मोजलं तर ५० सुद्धा नाही, ३० आले. ५ अंशावरून येणारं ऊन काचेवर घासत जातं, निम्मं परावर्तन होऊन निघून जातं. सपाट काचेचा पॅनल असल्या तिरप्या उन्हाला खोटं बोलतो. खरा पायरॅनोमीटर घुमटाकार काचेचा का असतो ते आज कळलं.

२२ डिसेंबर

मोठ्या पॅनलच्या उताराला, म्हणजे १५ अंशात, माझा सेन्सर फिक्स केला. दक्षिण कशी काढायची? मोबाइलचं होकायंत्र लोखंडी स्टँडजवळ दर फुटाला नवी दक्षिण दाखवतं. म्हणून शहाणपणा केला, बरोबर बारा वाजता ओळंब्याची सावली आखली आणि त्या रेषेवर स्टँड ठोकला.

२६ डिसेंबर

आलेख एका अंगाला कललाय. सकाळी साडेआठचं ऊन आणि दुपारी साडेचारचं ऊन सारखं यायला पाहिजे तर सकाळचं दहा-बारा टक्क्यांनी जास्त. धुकं, धूळ, शेजारचं बांधकाम, सगळ्यांना दोष देऊन झाला. मग भाचीनं विचारलं, "मामा, बारा वाजता सूर्य डोक्यावर असतो हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

घड्याळ आहे ८२.५ रेखांशाचं, आपण ७५.९ ला. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपली खरी दुपार सरासरी १२:२६ ला. वर महिन्याप्रमाणं ती मागंपुढं सरकते, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१०, फेब्रुवारीच्या मध्याला १२:४०. मी २५ मिनिटं आधी रेष आखली, सेन्सर आठ-नऊ अंश पूर्वेकडं वळलेला. दुसऱ्या दिवशी १२:२६ ला परत ओळंबा धरला, भोकं नवीन पाडली.

गंमत बघा, तिचं गाव २३.८ रेखांशावर आणि त्यांचं घड्याळ ३० रेखांशाचं. तिची दुपार पण २५ मिनिटं उशिरा! दोन गावांत एवढं अंतर आणि दोन्हीकडं भिंतीवरच्या घड्याळात सूर्य माथ्यावर १२:२५ लाच.

४ जानेवारी

आता मूळ भांडण. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या तिरप्या सेन्सरवर दिवसाला सरासरी ५.७ युनिट ऊन पडलं, चौरस मीटरला (ऊन १००० एक तास पडलं की एक युनिट). ३.२४ गुणिले ५.७ म्हणजे १८.५, हे सगळं आदर्श असतं तर. प्रत्यक्षात आले १०.८. भागाकार ०.५८. चांगल्या चालणाऱ्या सिस्टिमचा हा आकडा ०.७५ च्या आसपास असतो.

म्हणजे ऊन भरपूर आहे, पॅनल खात आहेत. बसवणाऱ्याला व्हॉट्सॲपवर आलेख पाठवला. दोन निळ्या टिका, उत्तर नाही.

भाचीचा अख्खा डिसेंबर महिना मिळून सपाट सेन्सरवर ५ युनिट सुद्धा भरले नाहीत. आमचा एक दिवस त्यांच्या महिन्यापेक्षा मोठा. हे बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, मग पोरगी कपडे कुठं वाळवते?

११ जानेवारी

वर चढून हात फिरवला. शेजारी चार महिने बांधकाम चालू आहे, सिमेंटची भुकटी, त्यावर दव, वाळून पापुद्रा. पण धूळ मी धुतो की दर पंधरा दिवसांनी! कशानं धुतो? आरओच्या वेस्ट पाण्यानं. महापालिकेचं पाणी चार-पाच दिवसांनी येतं, ते पॅनलवर ओतायची आमच्या घरात कुणाची छाती नाही, म्हणून मी डोकं चालवलं होतं, वेस्ट पाणी वाया कशाला घालवा. ते पाणी म्हणजे बोअरचे सगळे क्षार गोळा करून उरलेलं. दर धुण्याला मी काचेवर क्षाराचा एक हात मारत होतो, वर्षभर. स्वतःच्या हातानं. कडेला तर नखानं खरवडलं तरी निघेना, नळाच्या तोटीवर जमतं तसं पांढरं.

पातळ व्हिनेगर, मऊ फडकं, नंतर चांगलं पाणी, रबराचा वायपर. दीड सकाळ गेली, सूर्य वर यायच्या आत उरकायचं, तापलेल्या काचेवर गार पाणी नको. बायकोशी तह झालाय, पाणी येईल त्या दिवशी एक बादली माझी.

दुसऱ्या दिवसापासून १०.८ चे १२.४. फक्त पुसून पंधरा टक्के. आकडा ०.६७.

१३ ते १६ जानेवारी

गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वराची जत्रा. नंदीध्वजांची मिरवणूक, पाहुणे, घर भरलेलं. पाहुण्यांच्या कुणीतरी लॉगरचा चार्जर काढून त्यावर मोबाइल लावला. तीन दिवसांची नोंद नाही. कुणाला बोलणार.

२५ जानेवारी

उरलेलं कुठं जातंय? स्वच्छ दिवसाचा ऊनाचा आलेख आणि इन्व्हर्टरचा आलेख एकावर एक ठेवले. दुपारी साडेतीनपर्यंत बरोबरीनं चालतात आणि मग इन्व्हर्टर एकदम पायरी उतरतो, ऊन नाही उतरत. पळत वर गेलो. शेजारच्या काकांची हजार लिटरची काळी टाकी, तिची सावली कोपऱ्यातल्या दोन पॅनलवर. सेन्सर दुसऱ्या कोपऱ्यात, त्याला टाकी दिसतच नाही.

बसवणारा जागा बघायला आला होता तेव्हा जून होता, सूर्य डोक्यावर, सावली कुठंच नव्हती. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून खालून जातो हे त्यानं बघायला पाहिजे होतं, पण खरं सांगायचं तर मी पण तिथं उभा होतो आणि मला पण सुचलं नाही. मी त्याच्यावर पॅनल बनावट दिल्याचा संशय घेत होतो, तेवढा काही तो वाईट निघाला नाही.

काकांना टाकी हलवा म्हणायचं धाडस होईना. भाचीनं कागदावर मांडून दाखवलं की फेब्रुवारीच्या मध्यापासून सूर्य वर सरकला की सावली आपोआप पॅनल सोडेल. थांबायचं ठरलं.

९ फेब्रुवारी

भाचीकडं उणे १७. सकाळी पहिलं ऊन पॅनलवर पडलं तेव्हा उघड्या, म्हणजे काही न जोडलेल्या, पॅनलचं व्होल्टेज २४ च्या जवळ. छापील २१.६! थंडीत सिलिकॉनचं व्होल्टेज चढतं, ३६ सेलच्या या पॅनलला अंशाला साधारण ७५ मिलिव्होल्ट. म्हणून तिकडं पॅनलची माळ जोडताना सगळ्यात थंड सकाळचं व्होल्टेज धरून इन्व्हर्टर निवडतात, नाहीतर जानेवारीतल्या एखाद्या लख्ख सकाळी इन्व्हर्टरचा धूर. आपल्याकडं हा हिशेब कुणाच्या डोक्यात पण येत नाही.

बर्फ पडला की तिच्या सेन्सरवर पण बसतो आणि सूर्य गायब होतो. म्हणून तिनं पॅनल आता उभा केलाय, भिंतीसारखा ९० अंशात, दक्षिणेला तोंड. बर्फ टिकत नाही, आणि सूर्य एवढा खाली आहे म्हटल्यावर उभ्यालाच समोरून ऊन मिळतं. मी इथं झाडूनं धूळ काढतो, ती तिथं ब्रशनं बर्फ.

२३ फेब्रुवारी

सावली गेली. ठरल्याप्रमाणं. दिवसाला १५ युनिट, आकडा ०.७४.

२ मार्च

जरा जास्तच खुश झालो होतो. आकडा ०.७४ चा ०.७९ झाला, आपोआप, काही न करता. भाचीला मिरवत सांगितलं. तिचा एकच प्रश्न: "मामा, सेन्सर कधी पुसला होता?"

मोठे पॅनल दर पाण्याच्या दिवशी पुसतो, सेन्सर महिनाभर नाही. सेन्सरवर धूळ बसली म्हणजे ऊन कमी दिसतं, ऊन कमी दिसलं की भागाकार मोठा येतो. वर जाऊन पुसायच्या आधी आणि दोन मिनिटांनी पुसल्यावर रीडिंग घेतलं: २५१ चे २७० मिलिव्होल्ट. सात टक्के धूळ. ०.७९ चा परत ०.७४. आता नियम केलाय, आधी सेन्सर पुसायचा, मग पॅनल, आणि पुसायच्या आधीचं रीडिंग वहीत.

२२ मार्च

आजची नोंद मला लिहायची नव्हती पण तिनं अट घातली.

दोघांनी ठरवून आपापल्या दुपारी, १२:३० च्या पुढंमागं, पॅनलचे वॅट मोजले. आज शॉर्ट नाही, वेगवेगळे रेझिस्टर लावून ज्यावर सगळ्यात जास्त वॅट येतात तो धरायचा. माझं ऊन ९६०. तिचं, उभ्या पॅनलवर, ९४०. मला पटेना. सूर्य तिच्याकडं अजून २८-२९ अंशावरच आहे. पण हवा कोरडी, स्वच्छ, उभ्या पॅनलला ऊन जवळपास समोरून, आणि वर खाली पसरलेला पांढरा बर्फ. ताजा बर्फ आलेल्या उन्हातलं ८० टक्क्यांच्या पुढं परत फेकतो, ते सगळं पॅनलच्या तोंडावर.

माझा पॅनल ६१ डिग्रीवर, तिचा १२ वर, बाहेर उणे ६ असून. माझे ४.१ वॅट, ५६ ओहमवर. तिचे ४.७, ६८ ओहमवर. तिचा पॅनल मुळात ४ टक्के मरतुकडा आहे हे लक्षात घ्या. २५ डिग्रीच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.४ टक्के जातात, माझे १४ टक्के नुसते तापण्यात गेले. ती थंडीत उलट पाचेक टक्के कमवून बसली.

सोलापूरचा पॅनल फिनलंडच्या पॅनलकडून हरला. "मामा, लिहा वहीत," म्हणून फोन चालू ठेवून बसली होती. लिहिलं.

३१ मार्च

तिच्या आलेखात कालपासून दुपार एक तास पुढं गेली. सूर्य एवढा सरकेल कसा म्हणून मी सकाळपासून तिचा कोड उकरत होतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते लोक घड्याळच एक तास पुढं करतात, लॉगरनं इंटरनेटवरून निमूट नवी वेळ घेतली. दोन्ही लॉगर यूटीसीवर, म्हणजे जगाच्या एकाच सामाईक वेळेवर, टाकले. पहिल्या दिवशीच टाकायला पाहिजे होते, दोन देशांत मोजताय तर दुसरं काही वापरूच नका.

१९ एप्रिल

ऊन ६.५ युनिट, वर्षातलं भारी, आणि आकडा घसरून ०.६९. पॅनलची पाठ ६६ डिग्री. छोट्या पॅनलचं उघडं व्होल्टेज १८.५, फेब्रुवारीत भाचीचं २४ होतं, दोन्ही पॅनल एकाच लॉटचे. तापण्याला इलाज नाही, पॅनलच्या खालून वारा खेळू द्यायचा एवढंच, बायकोच्या जाऊबाईंनी खाली पापडाची वाळवण मांडून ती जागा पण भरली होती.

पण १२ ते २ आलेख सपाट दिसतोय, इस्त्री केल्यासारखा. हात लावला तर इन्व्हर्टर चटका देतोय. पश्चिमेच्या उघड्या भिंतीवर लावलाय, तापला की स्वतःला वाचवायला कमी काम करतो. दुकानातला जुना पत्रा, वर एक वीत अंतर सोडून छप्पर, आणि रिवाइंडिंगला आलेल्या पण कुणी न नेलेल्या फॅनपैकी एक समोर. पत्रा फुकट, अँगल आणि मजुरी ६००. सपाटपणा गेला, ०.७२.

११ मे

शून्य सावलीचा दिवस. १२:२३ ला गच्चीवर पाण्याची बाटली ठेवली, सावली बाटलीच्या बुडाखाली. गल्लीतली पोरं गोळा झाली, "काय बे, गेली कुठं सावली" म्हणत प्रत्येकजण उभा राहून स्वतःची सावली शोधत होता. सेन्सर सपाट करून मोजला, १०१०. मधे ढगाच्या कडेनं एक मिनिट ११४० दाखवलं, सूर्य उघडा आणि शेजारच्या ढगाचा उजेड वरून फुकट, असं होतं, घाबरून शंट तपासू नका. मी तपासला.

आजपासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारी सूर्य आपल्या उत्तरेला. दक्षिणेकडं १५ अंश कललेले पॅनल थोडी पाठ फिरवून बसणार, पण सूर्य एवढा वर आहे की फार बिघडत नाही. भाचीची अडचण उलटी, तिच्याकडं जूनमध्ये रात्री अकरापर्यंत सूर्य असतो पण तो पहाटे ईशान्येला आणि रात्री वायव्येला, दक्षिणेला तोंड करून उभा असलेला तिचा पॅनल त्यातलं बरंच बघतच नाही. तिला आता पश्चिमेला तोंड करून दुसरा पॅनल पाहिजे. ४५० रुपये आणि दोन चादरी तयार ठेवल्यात, यावेळी ताई जाणार आहे.

२१ जूनला दोघांनी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत दर मिनिटाला मोजायचं ठरलंय. म्हटलं इथं पाऊस असणार, ढग असणार, काय मिळणार मोजून. ती म्हणाली, "मग ते पण कळू द्या की मामा, तुमच्याकडं ऊन कमी म्हणजे किती कमी."